‘असॅसिन्स क्रीड’ दरवर्षी येतो? आता नाही
‘असॅसिन्स क्रीड’ या व्हिडिओ गेम मालिकेबद्दल ‘दरवर्षी नवा गेम काढतात, म्हणून मालिका थकली’ हे अजूनही ऐकू येतं. एकेकाळी ते खरं होतं. २००९ ते २०१५ एकही वर्ष मोकळं गेलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये तर ‘युनिटी’ आणि ‘रोग’ (Rogue) असे दोन आले. ‘युनिटी’त इतके बग, म्हणजे तांत्रिक दोष, निघाले की मालिका काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. २०१६ मध्ये मुख्य गेम आलाच नाही. पुढे ‘ओरिजिन्स’ २०१७, ‘ओडिसी’ २०१८, ‘वल्हाला’ २०२०, ‘मिराज’ २०२३, ‘शॅडोज’ २०२५. म्हणजे ‘ओडिसी’नंतर सात वर्षांत तीनच! मला विचाराल तर दमवते ती लांबी: ‘वल्हाला’ सगळा संपवायला शंभर तासही पुरत नाहीत.