पिर्लो, आंद्रेआ

(१९ मे १९७९ – ). इटलीचा निवृत्त फुटबॉलपटू. बचावफळीच्या लगेच पुढे उभे राहून अख्खा सामना चालवणारा मिडफिल्डर. ही जागा समजून घ्यायला वाळवा-तासगावकडच्या व्हॉलीबॉलमधला लिफ्टर आठवावा. टाळ्या शूटरला मिळतात. पण चेंडू कुणाला, किती उंच आणि कधी द्यायचा, हे लिफ्टरच ठरवतो. फुटबॉलमध्ये हे काम पिर्लोइतके देखणे करणारे फार थोडे झाले.

जन्म ब्रेशा शहराजवळच्या फ्लेरोचा. १६ व्या वर्षीच, १९९५ साली, तो ब्रेशाकडून इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, सेरी आमध्ये उतरला. १९९८ मध्ये इंटर मिलानने त्याला घेतले, पण तिथे त्याचा जम बसेना. तेव्हा तो आघाडीवीरांच्या अगदी मागे खेळे. त्या जागेला वेग लागतो आणि वेग ही त्याची बाजू कधीच नव्हती.

२००१ च्या सुरुवातीला तो अर्ध्या मोसमासाठी उसना म्हणून ब्रेशाला परतला. तिथे त्याच्या आवडत्या जागेवर इटलीचा नामांकित आघाडीचा खेळाडू रॉबेर्तो बाज्जो होता. प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी पिर्लोला वीसएक पावले मागे, बचावपटूंच्या पुढ्यात आणून ठेवले. १ एप्रिल २००१ ला युव्हेंटसविरुद्ध, सामना संपायला काही मिनिटे उरली असताना, त्याने मागूनच मान वर करून पाहिले आणि सगळ्यांच्या डोक्यावरून लांब पास टाकला. धावत्या बाज्जोने तो खांद्यावरून येताना पायावर झेलला, त्याच स्पर्शात गोलरक्षकाला चकवले आणि १-१ अशी बरोबरी झाली. पिर्लोची खरी कारकीर्द याच पासपासून धरावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच वर्षी तो एसी मिलानकडे गेला. कार्लो अँचेलोत्ती यांनी त्याची मागची जागा कायम केली. शेजारी गात्तुसो धावून चेंडू हिसकावणार आणि पिर्लो तो वाटणार, अशी विभागणी होती. मिलानने २००३ आणि २००७ मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकली.

मिरजेच्या मैदानावर पोरांना हा खेळ शिकवताना पहिली अडचण मातीची येते. पावसाळ्यात काळ्या रानात पास निम्म्यातच रुततो, मग बाहेरून ओरडा होतो, ‘‘ठेवू नको, मार लांब!’’ उन्हाळ्यात तोच चेंडू ढेकळावरून उडून गुडघ्यावर येतो. पण पिर्लोची मुख्य सवय मातीवर अवलंबून नव्हती. चेंडू यायच्या आधी तो दोनदा मान वळवून बघे. ‘‘मागनं आला!’’ असे त्याला कुणी सांगावे लागत नसे. ही सवय ढेकळांच्या मैदानावरही लावता येते आणि ती सर्वांत आधी लावावी.

२००६ च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्धची उपान्त्य लढत डॉर्टमुंडला झाली; आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटली होती. ११९ व्या मिनिटाला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी पिर्लोकडे आला. गोलवर फटका मारायचा मोह कुणालाही झाला असता. तो चेंडू घेऊन आडवा सरकत राहिला, बचावपटू त्याच्याकडे ओढले गेले, आणि नजर दुसरीकडे ठेवून त्याने फाबिओ ग्रोसोला पास सरकवला. ग्रोसोने डाव्या पायाने गोल केला. बर्लिनच्या अंतिम सामन्यात मातेराझ्झीने हेडरने केलेला गोल पिर्लोच्याच कॉर्नरवर झाला, शूटआउटमध्ये इटलीची पहिली पेनल्टीही त्यानेच मारली. सामनावीर तोच ठरला. देशाकडून तो एकूण ११६ सामने खेळला, गोल १३.

२०११ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, मिलानने त्याला जाऊ दिले. युव्हेंटसने त्याला फुकटात घेतले आणि पहिल्याच मोसमात लीगमधला एकही सामना न हरता विजेतेपद मिळवले. ते धरून सलग चार विजेतेपदे त्याच्या नावावर लागली. शेवटची वर्षे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क सिटी क्लबकडे गेली. २०१७ मध्ये तो निवृत्त झाला.

२०२० मध्ये युव्हेंटसनेच त्याला प्रशिक्षक नेमले. संघाने इटालियन चषक जिंकला, पण लीगमध्ये चौथा आला. तो खेळाडू असताना २०१२ साली सुरू झालेली सलग नऊ विजेतेपदांची मालिका तो प्रशिक्षक असताना तुटली, आणि मोसम संपताच त्याला पद सोडावे लागले.