ब्रिटिश युद्धकालीन लष्करी वाहनांच्या लघुप्रतिकृती

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातील सैन्यांनी वापरलेले रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा ओढणारी वाहने व मालट्रक यांची प्रमाणबद्ध छोटी रूपे घडवण्याचा छंद. प्लास्टिक, रेझिन किंवा धातूचे सुटे भाग जोडणे, संचात नसलेले बारकावे हाताने घालणे आणि त्या काळच्या रंग-खुणांनिशी गाडी पुरी करणे ही त्यातली मुख्य कामे. बाहेरून पाहणाऱ्याला हे जोडकाम वाटते. प्रत्यक्षात निम्मा वेळ जुनी छायाचित्रे निरखण्यात आणि अमुक साली अमुक तुकडीच्या गाडीवर कोणता रंग होता याचा छडा लावण्यात जातो.

या छंदाच्या दुकानांत राज्य आहे ते जर्मन रणगाड्यांचे. ब्रिटिश वाहनांचे चाहते संख्येने कमी, आणि त्यांतल्या पुष्कळांचा जीव रणगाड्यांपेक्षा ट्रकांत अडकलेला असतो. त्याला कारणही आहे. ब्रिटिश सैन्य यांत्रिक वाहनांवर चालणारे होते. बेडफर्ड, ऑस्टिन, मॉरिस-कमर्शिअल, एईसी, हंबर, स्कॅमेल अशा कारखान्यांनी एकाच कामासाठी निरनिराळ्या गाड्या बनवल्या. त्यांत कॅनडातून आलेल्या फोर्ड व शेव्हर्ले ट्रकांची भर पडली; ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या बसक्या तोंडाच्या ट्रकांची संख्या चार लाखांवर गेली. एवढी विविधता असल्यावर प्रतिकृतीकाराला आयुष्यभर विषय पुरतात. चिलखत नसलेल्या या गाड्यांना छंदातल्या बोलीत ‘सॉफ्ट-स्किन’ म्हणतात.

प्रमाण. ब्रिटिश परंपरेचे खास प्रमाण १:७६. ते आले खेळण्यातल्या रेल्वेकडून. ‘डबल ओ’ नावाच्या ब्रिटिश छोट्या रेल्वेत खऱ्या एका फुटाला ४ मिलिमीटर धरतात, आणि ३०४.८ ला ४ ने भागले की ७६.२ येतात. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने रणगाडे काढले तेव्हा रेल्वेच्या मापाची गिऱ्हाइके घरोघरी होतीच, त्यामुळे रणगाडेही त्याच मापाचे झाले. विमानांचे संच मात्र १:७२ मध्ये निघत होते, आणि इतर देशांतल्या कंपन्यांनी वाहनांनाही तेच प्रमाण लावले. दोहोंतला फरक जेमतेम साडेपाच टक्क्यांचा. सुमारे ६ मीटर लांबीचा बेडफर्ड क्यूएल ट्रक १:७६ मध्ये ७९ मिमी भरतो आणि १:७२ मध्ये ८३ मिमी. हे चार मिलिमीटर एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या दोन गाड्यांत डोळ्यांना खुपतात, आणि त्यावरून झालेले वाद अजून मिटलेले नाहीत.

१:३५ हे आज सर्वांत प्रचलित प्रमाण जपानच्या तामिया कंपनीने रूढ केले. १९६०च्या दशकाच्या आरंभी तिने मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला, आणि आत बॅटऱ्या व मोटर मावावी एवढा तो ठेवला. ते माप नंतर मोजले तेव्हा १:३५ च्या आसपास निघाले. म्हणजे एक प्रमाण रेल्वेच्या रुळांवरून आले, तर दुसरे बॅटरीच्या जाडीवरून.

वाटचाल. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने ‘डिंकी टॉइज’ या नावाखाली ओतीव धातूची लष्करी वाहने १९३०च्या दशकातच विकायला काढली होती, पण ती खेळणीच. जोडायच्या प्लास्टिक संचांचे युग एअरफिक्समुळे आले. हंगेरीत जन्मलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये ही कंपनी स्थापली तेव्हा ती हवा भरायची रबरी खेळणी करत असे. पहिले छोटे रणगाडे तिने १९६१ मध्ये आणले. त्यांत ब्रिटिश चर्चिल होता. पुढे २५ पौंडी तोफ व तिची गाडी, मॅटाडोर ट्रक आणि ५.५ इंची तोफ, ब्रेन कॅरियर (साखळीपट्ट्यांची छोटी चिलखती गाडी), स्कॅमेलचा रणगाडावाहू ट्रेलर असे संच आले. खाऊच्या पैशांत येणारे हे संच ब्रिटनमधल्या एका पिढीने वाढदिवसाला, आजारपणात, पावसाळी रविवारी जोडले. १९६५ मध्ये चिलखती वाहनांच्या प्रतिकृतीकारांची एमएएफव्हीए ही संघटना उभी राहिली. तिचे ‘टँकेट’ हे नियतकालिक आराखडे व माहिती छापू लागले, आणि पोरखेळाला अभ्यासाची धार आली.

१९७०च्या दशकात मॅचबॉक्स ही कंपनी या धंद्यात उतरली. तिच्या संचांत दोन-तीन रंगांचे प्लास्टिक असे आणि गाडी उभी करायला पडक्या भिंतीचा किंवा रस्त्याचा छोटा तुकडाही मिळे. कॉमेट रणगाडा, हंबर चिलखती गाडी, वाळवंटात खोलवर घुसणाऱ्या टेहळणी पथकाचा शेव्हर्ले ट्रक असे दुसरीकडे न मिळणारे विषय तिने निवडले, म्हणून तिचे नाव अजून आदराने घेतात. मोठ्या कंपन्यांना न परवडणारे विषय ग्लासगोच्या मिलिकास्टसारख्या छोट्या उत्पादकांनी रेझिनच्या ओतकामात आणले. १:३५ मधल्या ब्रिटिश ट्रकांचा दुष्काळ मात्र बराच काळ टिकला. तो पोलंडच्या आयबीजीने, तैवानच्या एएफव्ही क्लबने आणि हाँगकाँगच्या गेकोने संपवला. ब्रिटिश ट्रकांची कड अखेर परक्यांनी घेतली, ही गंमतच.

जोडणी व बारकावे. संचातले भाग प्लास्टिकच्या चौकटीला, म्हणजे स्प्रूला, लटकलेले असतात. ते कापून, कानशीने घासून, पॉलिस्टायरीन विरघळवणाऱ्या पातळ डिंकाने जोडतात. हा डिंक चिकटवत नाही, वितळवून सांधतो. थेंब जास्त पडला तर रिव्हेटांची ओळ पुसून जाते. फटी बुजवायला लांबी (पुट्टी) भरतात आणि पाण्याच्या पॉलिशपेपरने घासतात. गॅरेजात अपघाताच्या गाडीवर होते तेच काम, फक्त नखाएवढ्या जागेत.

बारकाव्यांची सुरुवात बहुधा जाडीपासून होते. ट्रकच्या मडगार्डचा पत्रा खऱ्या गाडीत दीड मिलिमीटरचा धरला, तर १:७६ मध्ये तो ०.०२ मिमी व्हायला हवा. साच्यात ओतलेले प्लास्टिक अर्धा मिलिमीटर तरी जाड असते. उलट मोजले तर त्या ट्रकला ३८ मिलिमीटर जाडीचे, चिलखतासारखे मडगार्ड लागले आहे! सगळा पत्रा तासून पातळ करणे अशक्य. म्हणून प्रतिकृतीकार फक्त दिसणारी कड आतून तिरकी घासतो. समोरून पाहणाऱ्याला कड कागदासारखी भासते, मागची जाडी सावलीत लपते. हे जमले की गाडीचा अर्धा ‘प्लास्टिकपणा’ जातो. अम्लाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे सुटे भाग अशा जागी कामी येतात, पण सगळीकडे पितळ लावण्याचा हव्यास बरा नव्हे. ब्रेन कॅरियरच्या पत्र्यावर ते शोभते. टायरच्या हवेच्या तोंडाला पितळी भाग लावणाऱ्याचे कौतुक करावे की काळजी, हा प्रश्न पडतो.

ताडपत्री हा ट्रकांचा दुसरा कसोटीचा भाग. संचातली प्लास्टिकची ताडपत्री दगडासारखी दिसते. ती टाकून तारेच्या कमानी वाकवतात आणि त्यांवर पाण्यात सैल केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवलेला टिशू पेपर अंथरतात. ओला असताना तो दोन कमानींच्या मध्ये किंचित झोळ खातो, आणि वाळल्यावर झोळ तसाच राहतो. दोऱ्यांसाठी सुती धागा वापरू नये. त्याचे तुसे या मापात केसाळ सुरवंटासारखे दिसतात. बारीक तांब्याची तार किंवा मेणबत्तीवर तापवून ताणलेला स्प्रू बरा. रेडिओची एरियलही याच ताणलेल्या स्प्रूची होते.

गाडीच्या पोटाखाली एक ब्रिटिश खूण हमखास हवी. ब्लॅकआउटमध्ये ताफा दिव्यांविना चाले. पुढच्या गाडीचा अंदाज यावा म्हणून ट्रकच्या मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवत आणि त्यावर एका झाकलेल्या छोट्या दिव्याचा उजेड पाडत. वरून विमानाला काही दिसत नसे, मागच्या चालकाला पांढरा ठिपका दिसे. प्रतिकृती उलटी केल्याशिवाय हा ठिपका नीट दिसत नाही, तरी जाणकार परीक्षक ती उलटी करतातच.

रंग. सर्वांत जास्त चुका आणि सर्वांत जास्त संशोधन इथे. युद्धाच्या आरंभी गाड्या खाकी छटेच्या हिरव्या होत्या, त्यांवर गडद हिरवे पट्टे. हिरव्या रंगाला लागणाऱ्या क्रोमियम ऑक्साइडची टंचाई झाली, आणि १९४२ पासून मूळ रंग म्हणून एससीसी २ (एससीसी म्हणजे ‘स्टँडर्ड कॅमोफ्लाज कलर’) हा तपकिरी वापरात आला. गाडीचा आकार वरून ओळखू येऊ नये म्हणून टपावर आणि कडांवर काळपट गोलाकार ठिगळे मारत. उंदराच्या कानांसारख्या दिसणाऱ्या या नक्षीचे नाव ‘मिकी माउस’ पडले, आणि ते आता गंभीर ग्रंथांतही चालते. एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकी गाड्यांशी जुळणारा एससीसी १५ हा ऑलिव्ह रंग ठरला. पण आदेश असा होता की वापरातल्या गाड्या केवळ या बदलासाठी पुन्हा रंगवायच्या नाहीत. त्यामुळे त्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या नॉर्मंडीत तपकिरी आणि हिरव्या गाड्या एकाच ताफ्यात होत्या. नॉर्मंडीची गाडी सरसकट हिरवी रंगवणारा म्हणून चुकतो.

वाळवंटातल्या रंगांची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९४०–४१ मध्ये मध्यपूर्वेत कॉन्टर या ब्रिगेडियरच्या नावाने ओळखली जाणारी नक्षी होती: फिकट दगडी रंगावर सरळ, तिरक्या कडांचे दोन आणखी रंगांचे पट्टे. पट्ट्यांतला मधला रंग कित्येक दशके आकाशी निळा मानला गेला. संग्रहालयांत मटिल्डा रणगाडे तसे रंगवले गेले, त्यांवरून खोक्यांवरची चित्रे निघाली, चित्रांवरून प्रतिकृती, आणि प्रतिकृतींची छायाचित्रे पुन्हा पुरावा म्हणून फिरू लागली. मूळ आदेश आणि रंगांचे क्रमांक तपासल्यावर तो ‘सिल्व्हर ग्रे’ म्हणजे हिरवट झाक असलेला करडा निघाला. निळी मटिल्डा तरीही दरवर्षी कुठेतरी नव्याने जन्म घेते, कारण ती दिसते सुंदर.

कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवणे धोक्याचे असते. धूळ, ऊन आणि फिल्मचा प्रकार यांमुळे एकच रंग दोन चित्रांत दोन छटांचा दिसतो. आकार आणि खुणांसाठी मात्र छायाचित्राइतका खात्रीचा साक्षीदार नाही.

खुणा. ब्रिटिश गाडी ही चालतीबोलती नोंदवही असते. नोंदणी क्रमांकाआधीचे अक्षर वाहनाचा वर्ग सांगते: रणगाड्यांना व साखळीपट्ट्यांच्या गाड्यांना टी, मोठ्या ट्रकांना एल, हलक्या ट्रकांना झेड, मोटारसायकलींना सी, चिलखती मोटारींना एफ. संचातली डिकॅलची (छापील चिकट खुणांची) पट्टी गहाळ झाली म्हणून ट्रकवर टी चिकटवला तर चूक लगेच पकडली जाते. शिवाय डिव्हिजनचे चिन्ह (सातव्या आर्मर्ड डिव्हिजनचा जर्बोआ उंदीर प्रसिद्धच आहे), दलाचा रंगीत चौकोन व त्यावर तुकडीचा आकडा (तोफखान्याचा लाल-निळा), आणि पिवळ्या गोलातला पुलाचा भारवर्ग. चालकाने पुलावर चढण्याआधी हा आकडा पुलाच्या पाटीशी ताडून पाहायचा असे.

भारतीय धागा. भारतीय डिव्हिजन याच गाड्या वापरत होत्या, त्यामुळे त्यांची चिन्हे याच प्रतिकृतींवर येतात. पाचव्या भारतीय डिव्हिजनचा काळ्या चौकोनातला लाल गोळा त्यांत सर्वांत सोपा. ब्रश धरायला नुकता शिकलेलाही तो काढू शकतो. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत याच डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण होती. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवर आठव्या भारतीय डिव्हिजनच्या हल्ल्यात आगीचे लोळ फेकणारे ‘वास्प’ कॅरियर वापरले गेले. त्याच नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नेहमीच्या युनिव्हर्सल कॅरियरच्या (ब्रेन कॅरियरच्याच कुळातल्या गाडीच्या) संचावर नळी आणि टाक्या घालून वास्प करता येतो, आणि मराठी छांदिष्टाला याहून जवळचा विषय शोधावा लागू नये.

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात (स्थापना १९९४) मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल आणि रोल्स-रॉइसची चिलखती मोटार उभी आहे. माप घेण्यासाठी, वेल्डिंगची शिवण व रिव्हेटांचे अंतर पाहण्यासाठी अशी जागा सोन्यासारखी. रंगासाठी तिच्यावर विसंबू नये, कारण उघड्यावर उभ्या गाड्यांना ऊन-पावसापासून जपायला पुनःपुन्हा रंग लावावा लागतो.

भारतातच घडलेली एक गाडी प्रतिकृतीकारांना फारच थोड्या संचांत मिळते: इंडियन पॅटर्न कॅरियर. कॅनडाहून आलेल्या फोर्ड चॅसिसवर टाटांच्या पोलादी चिलखताचा सांगाडा रेल्वेच्या कारखान्यांत चढवून १९४० ते १९४४ दरम्यान अशा ४,६५५ गाड्या तयार झाल्या. जवान तिला ‘टाटानगर’ म्हणत. ती हवी असेल तर कॅनेडियन फोर्डच्या संचातून चाके, ॲक्सल आणि स्प्रिंगचे पाटे घ्यावे लागतात. वरचे कवच सपाट तिरक्या पत्र्यांचे असल्याने आधी पोस्टकार्डाच्या जाड कागदावर आराखडा कापून कोपरे जुळतात का पाहतात, आणि मगच प्लास्टिकच्या पत्र्याला हात लावतात.