एका प्रमाणपत्राच्या वादाची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात माध्यम साक्षरतेचं, म्हणजे बातमी पारखून वाचायला शिकवण्याचं काम उभं करणाऱ्या संस्थेच्या संचालिका यंदा कामातून बाजूला होत आहेत. त्यांचा विषय निघाला की लोक दोनच गोष्टी काढतात: शाळांमधली लाल पेन्सिल आणि वार्ताहरांच्या प्रमाणपत्राचा वाद. पहिलीचं कौतुक सगळेच करतात. दुसरीवरून आजही आवाज चढतात. इथे जास्त जागा दुसरीला दिली आहे, कारण ती कळल्याशिवाय बाईंचं काम कळत नाही.

पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वर्तमानपत्र काढलं, हे कोकणात कुणाला नव्याने सांगायला नको. दर ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, तालुक्याच्या गावी त्यांच्या फोटोला हार पडतो, नारळ फुटतो, भाषणं होतात. समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या वार्ताहरांपैकी पगार किती जणांना मिळतो, हे मात्र त्या व्यासपीठावरून कुणी विचारत नसे. बाईंनी विचारलं. मुंबईच्या एका दैनिकात जिल्ह्यांच्या पानावर काम केल्यामुळे त्यांना उत्तर आधीच ठाऊक होतं. तालुक्याच्या बातम्या एसटीने पाकिटातून येत, त्या काळापासून त्या या वार्ताहरांचं अक्षर वाचत आल्या होत्या. पुढे ‘पाकीट’ या शब्दाला पत्रकारितेत दुसराच, लाचेचा अर्थ चिकटला.

तालुका प्रतिनिधीचं गणित सरळ आहे. बातमीचे पैसे नाहीत, किंवा नावापुरते. ओळखपत्र मिळतं आणि जाहिरातींचं टार्गेट मिळतं. वर्धापनदिन, गणपती, दिवाळी, पुढाऱ्याचा वाढदिवस अशा पुरवण्या भरायच्या आणि कमिशन घ्यायचं. सकाळी ज्या सरपंचाच्या रस्त्याची बातमी करायची, त्याच्याकडेच संध्याकाळी शुभेच्छांची जाहिरात मागायची. आंब्याची कलमं किंवा एखादं दुकान असेल तर घर त्यावर चालतं.

२००९ च्या निवडणुकांत ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला प्रचार, हा शब्द घरोघरी पोहोचला. वृत्तपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने वृत्तपत्रांची नावं घेऊन लिहिलेला अहवाल कौन्सिलने २०१० मध्ये पूर्ण प्रसिद्ध केला नाही. माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. अशा बातम्यांच्या पॅकेजचे दर वर, मालकांकडे ठरत होते, पण लोकांच्या डोळ्यासमोर होता तो गावातला वार्ताहर. चहाच्या टपरीवर शिव्या त्यालाच बसल्या.

याच वातावरणात बाईंनी ठरवलं की संस्थेचं नीतिमूल्यांचं प्रशिक्षण कुणालाही घेता येईल, पण प्रमाणपत्र मात्र जाहिरातीचं कमिशन न घेणाऱ्यालाच मिळेल. कारण पटण्यासारखं होतं. बातमी आणि जाहिरात एकाच हाताने आणली तर वाचकाने विश्वास कशावर ठेवायचा? पण त्या दिवशी सभागृहातले निम्म्याहून अधिक वार्ताहर उठून गेले. एक जण दारातून परत फिरला आणि म्हणाला, “बाई, मालकाला विचारा ना हा प्रश्न. त्याच्या प्रमाणपत्राचं काय?” मी मागच्या रांगेत होतो. बाईंनी काहीच उत्तर दिलं नाही. त्यांच्याकडे ते नव्हतं, असं मला तेव्हाही वाटलं.

हा निर्णय चुकीचा होता असं माझं मत आहे. नीतिमत्तेची किंमत साखळीतल्या सगळ्यात दुबळ्या माणसाकडून वसूल केली गेली. उलट बाजूचे लोक म्हणतात, कुठूनतरी सुरुवात करायला हवीच होती, आणि त्या अटीमुळेच कमिशनबद्दल पहिल्यांदा उघड बोललं गेलं. त्यात तथ्य आहे. काही वर्षांनी बाईंनी अट काढली. तिच्या जागी एक घोषणापत्र आलं: मी कोणाच्या जाहिराती आणतो, हे संपादकाला लेखी कळवीन आणि त्या माणसाची बातमी दुसऱ्याला देईन.

पण मूळ गुंता ‘पत्रकार’ या शब्दातच होता आणि तो कायद्यातही उतरला. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१७ मध्ये कायदा केला. त्यात ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो नियमित किंवा कंत्राटी नोकरीत आहे, तो पत्रकार. ज्याचं पोट आंब्याच्या कलमांवर चालतं, नेमणूकपत्र ज्याने कधी पाहिलंच नाही, त्याने या व्याख्येत कसं बसायचं? बाई हा परिच्छेद प्रत्येक तुकडीला मोठ्याने वाचून दाखवत. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात रिफायनरीच्या वादावर बातमी देणाऱ्या एका वार्ताहराला गाडीची धडक बसली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्यानंतर हा परिच्छेद वाचताना त्या मध्येच थांबत.

वाचकांचं शिक्षण हा दुसरा धागा, आणि तो जरा सोपा होता. ‘माध्यम साक्षरता’ हे नाव सुरुवातीला नडलं. देवगडकडच्या एका आजोबांनी विचारलं, “आमका वाचूक येता, आता आणखी काय शिकवतास?” मग लाल पेन्सिल आली. बाकावर एकाच दिवसाची तीन-चार वर्तमानपत्रं पसरायची आणि ‘समजते’, ‘बोलले जात आहे’, ‘सूत्रांनुसार’ दिसलं की खाली रेघ ओढून शेजारी लिहायचं: कोणाला समजलं? आठवीतल्या एका मुलीने बातमीच्या सात ओळींत पाच रेघा ओढल्या आणि वर्गाला वाचून दाखवल्या. दोन रेघांच्यामध्ये उरलं होतं फक्त गावाचं नाव आणि तारीख.

मोबाइल आल्यावर हीच पेन्सिल अपुरी पडली. २०२० च्या एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने तिघांना मारलं. तरीही ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हा फलक लावायला बाईंचा विरोध होता, आणि इथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तिथल्या माणसाला ‘धरण फुटलं’ हा मेसेज आल्यावर गप्प बस म्हणून सांगायचं कुणी? बाई सांगत की आधी उंचावर जा, मग तलाठ्याला किंवा वरच्या गावात फोन करा, आणि खात्री होईपर्यंत मेसेज पुढे पाठवू नका. अंगणवाडीच्या भिंतीवर याच क्रमाने ते रंगवून घेतलं आहे.

शेवटच्या तुकडीच्या अर्जात दोन नवे रकाने होते: मानधन किती मिळतं, जाहिरातीतून किती मिळतं. त्या दिवशी दारातून परत फिरलेला वार्ताहर या तुकडीत होता. त्याने दोन्ही रकाने भरले आणि जागा पुरली नाही म्हणून कागद उलटून मागेही लिहिलं.