रक्तक्षयाचे उपचार आणि रक्ताधानाचे पर्याय

रक्तातील हीमोग्लोबिनचे प्रमाण वय, लिंग व शारीरिक अवस्था यांना अनुसरून अपेक्षित असलेल्या पातळीच्या खाली गेले म्हणजे त्या स्थितीला रक्तक्षय, पांडुरोग किंवा ॲनिमिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ही सीमारेषा दर डेसिलिटर रक्तामागे प्रौढ पुरुषासाठी १३ ग्रॅम, गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ ग्रॅम आणि गरोदर स्त्रीसाठी ११ ग्रॅम अशी ठरवली आहे. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत रक्तातील द्रवभाग वाढून रक्त स्वाभाविकपणेच पातळ होते, म्हणून त्या काळापुरती ती १०.५ ग्रॅम धरतात. रक्तक्षय ही तापासारखी खूण आहे, रोगाचे नाव नव्हे. शरीरातले लोह संपले, ब१२ जीवनसत्त्व शोषले गेले नाही, आतड्यातून नकळत रक्त झिरपत राहिले, मूत्रपिंडे निकामी झाली, पेशी मुदतीआधी फुटू लागल्या किंवा अस्थिमज्जेने काम सोडले, तरी तपासणीच्या अहवालात दिसतो तो एकच घसरलेला आकडा. म्हणून आकडा वर चढवणे म्हणजे उपचार नव्हे. उतारवयातील माणसाचे हीमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी सुधारले आणि रक्त गळण्याचे मूळ असलेला मोठ्या आतड्याचा कर्करोग मात्र आत वाढत राहिला, ही वैद्यकातील जुनी आणि टाळता येण्याजोगी चूक आहे.

कारणाचा शोध सहसा तांबड्या पेशींच्या आकारापासून सुरू होतो. पेशी लहान असतील तर लोहाची कमतरता किंवा थॅलसीमिया हा हीमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक विकार, मोठ्या असतील तर ब१२ किंवा फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वांची उणीव प्रथम विचारात घेतात. फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाची पातळी लोहाचा साठा दाखवते, पण शरीरात कोठेही दाह असला की फेरिटिन वाढते आणि रिकामे कोठारही भरलेले भासते. अशा वेळी ट्रान्स्फेरिनची संपृक्तता, म्हणजे रक्तातून लोह वाहणाऱ्या या प्रथिनाचा किती भाग लोहाने भरला आहे, हेही सोबत पाहावे लागते.

लोहाचा जमाखर्च : प्रौढ शरीरात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असते आणि त्यातील बहुतांश हीमोग्लोबिनमध्येच गुंतलेले असते. नव्या पेशी घडवण्यासाठी अस्थिमज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, पण आतड्यातून जेमतेम १ ते २ मिलिग्रॅमच आत येते. उरलेले सारे सुमारे १२० दिवसांचे आयुष्य संपलेल्या जुन्या पेशी मोडून परत मिळवले जाते. या काटकसरीच्या व्यवहारात खरी गळती रक्तस्रावाची. १ मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते, म्हणून मासिक पाळीतील जास्त रक्तस्राव, आतड्यातील अंकुशकृमी किंवा जठरातील व्रण यांमुळे होणारा तोटा केवळ आहाराने भरून निघणे अवघड असते.

पोटातून देण्याच्या औषधांत फेरस सल्फेट व त्यासारखे लोहाचे क्षार आजही पहिल्या पसंतीचे आहेत. पूर्वी दिवसातून तीन वेळा गोळ्या देण्याची रीत होती. यकृतात तयार होणाऱ्या हेप्सिडिन या संप्रेरकाचे कार्य उलगडल्यावर तिचा पाया डळमळला. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की हेप्सिडिन वाढते आणि सुमारे २४ तास आतड्याची दारे लोहासाठी अर्धवट मिटतात, त्यामुळे त्याच दिवशीच्या पुढच्या गोळ्यांतील पुष्कळसे लोह वाया जाते आणि मळमळ, बद्धकोष्ठ तेवढे वाढतात. दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड गोळी देण्याकडे आता कल आहे. चहा, कॉफी, कॅल्शियम आणि आम्लनाशके शोषणात अडथळा आणतात, तर क जीवनसत्त्व ते वाढवते. औषध लागू पडले की आठवडा-दीड आठवड्यात रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी वाढलेल्या दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत हीमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमने चढते. तसे न झाल्यास गोळ्या खरोखर घेतल्या जातात का, रक्त अजून गळते आहे का आणि मुळात निदान बरोबर आहे का, हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. हीमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने गोळ्या चालू ठेवतात. बरे वाटताच त्या बंद करणे हेच रक्तक्षय उलटण्याचे सर्वांत सामान्य कारण असावे.

गोळ्या सोसत नसतील, आतड्याच्या दाहामुळे लोह शोषले जात नसेल, शस्त्रक्रियेला थोडेच दिवस उरले असतील किंवा गरोदरपणाचे शेवटचे महिने असतील, तर लोह शिरेतून देतात. एकूण किती लोह लागेल याचा अंदाज १९७० मधील गान्झोनी सूत्राने काढता येतो : शरीराचे वजन, हीमोग्लोबिनची तूट आणि २.४ यांच्या गुणाकारात साठ्यासाठी ५०० मिलिग्रॅम मिळवावे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीचे हीमोग्लोबिन ८ ग्रॅम असून ते १५ ग्रॅमपर्यंत न्यायचे असेल तर उत्तर सुमारे १,५०० मिलिग्रॅम येते. जुन्या लोह-डेक्स्ट्रानच्या तीव्र ॲलर्जीमुळे शिरेतील लोहाविषयी बसलेली धास्ती नव्या औषधांच्या बाबतीत बरीचशी अवाजवी आहे, मात्र तातडीच्या उपचारांची सोय हाताशी हवीच. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजने काही रुग्णांत फॉस्फेटची पातळी घसरते. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला असताना आणि गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देणे टाळतात.

इतर कारणांवरील उपचार : ब१२ च्या अभावाने होणारा घातक पांडुरोग एकेकाळी नावाप्रमाणेच जीवघेणा होता. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी यांनी भरपूर यकृत खाऊ घालून रुग्ण वाचवता येतात हे दाखवले व १९३४ चे नोबेल पारितोषिक त्यांना व्हिपल यांच्यासह मिळाले. ब१२ चे स्फटिक १९४८ मध्ये वेगळे काढता आले. फोलेटचा शोधही रुग्णांच्या निरीक्षणातूनच निघाला. लूसी विल्स यांनी मुंबईतील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांमधील मोठ्या पेशींचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यातील गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. ब१२ ची उणीव असताना नुसते फोलिक ॲसिड देऊ नये, कारण रक्त सुधारलेले दिसते आणि मज्जारज्जूची हानी मात्र पुढे सरकत राहते.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात एरिथ्रोपोएटिन या तांबड्या पेशी घडवण्यास चालना देणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती घटते. १९८५ मध्ये त्याचे जनुक हाती आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत कृत्रिमरीत्या तयार केलेल्या औषधाला मान्यता मिळाल्यावर डायलिसिसवरील असंख्य रुग्णांची वारंवार रक्त घेण्यातून सुटका झाली. या यशातून अतिरेकही झाला. हीमोग्लोबिन १३ ग्रॅमच्या आसपास नेल्यास अधिक लाभ होईल ही अपेक्षा २००६ ते २००९ दरम्यानच्या मोठ्या चाचण्यांत खोटी ठरली, उलट पक्षाघातासारखे धोके वाढल्याचे आढळले. त्यामुळे साधारण १० ते ११.५ ग्रॅमवर थांबतात. शरीरात लोह पुरेसे नसेल तर हे इंजेक्शन फुकट जाते. ऑक्सिजनच्या तुटीची जाणीव पेशींना करून देणाऱ्या यंत्रणेवर काम करणाऱ्या रॉक्साड्यूस्टॅटसारख्या गोळ्या आता या औषधाच्या जोडीला आल्या आहेत. स्वतःच्याच प्रतिपिंडांमुळे पेशी फुटत असतील तर स्टेरॉइडे, अस्थिमज्जा कोरडी पडली असेल तर प्रतिकारक्षमता दाबणारी औषधे किंवा मूलपेशी-प्रतिरोपण असे मार्ग आहेत.

रक्त केव्हा द्यावे : शस्त्रक्रियेपूर्वी हीमोग्लोबिन १० ग्रॅम असलेच पाहिजे, ही १९४२ मध्ये ॲडम्स आणि लंडी यांनी केलेली सूचना पुढची कित्येक दशके पुराव्याशिवायच नियमासारखी पाळली गेली. तिला पहिला मोठा धक्का १९९९ मध्ये बसला. अतिदक्षता विभागातील ८३८ रुग्णांच्या चाचणीत ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांमध्ये मृत्यू वाढले नाहीत. २०१३ मध्ये जठर व वरच्या आतड्यातील रक्तस्रावाच्या रुग्णांत तर हात आखडून रक्त दिलेला गट अधिक संख्येने जगला. त्यामुळे स्थिर रुग्णासाठी ७ ग्रॅम, तर हृदयविकार असल्यास किंवा अस्थिशस्त्रक्रियेनंतर ८ ग्रॅम हा उंबरठा बहुतेक मार्गदर्शनांत दिसतो. ताज्या हृदयघातात मात्र इतका संयम योग्य नसावा, असे २०२३ मधील चाचणीतून सूचित झाले. रक्ताची एक पिशवी हीमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढवते. रक्तस्राव चालू नसेल तर एकच पिशवी देऊन पुन्हा तपासावे, कारण फुप्फुसांत पाणी साठण्यासारखे धोके प्रत्येक पिशवीमागे वाढत जातात. हळूहळू आलेला रक्तक्षय शरीर आश्चर्यकारकरीत्या सोसते. म्हणूनच नुसत्या आकड्यापेक्षा धाप, छातीत दुखणे, चक्कर आणि नाडीचा वेग यांना अधिक वजन द्यावे.

पर्याय : रक्ताधानाचा पर्याय म्हणजे पिशवीच्या जागी टांगता येणारी दुसरी पिशवी, अशी समजूत असते. प्रत्यक्षात हे पर्याय म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू होणारी छोट्या छोट्या उपायांची मालिका असते, आणि २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने ज्या ‘रुग्णाच्या रक्ताचे व्यवस्थापन’ या संकल्पनेला ठरावाद्वारे पाठिंबा दिला तिचा गाभा हाच आहे. नियोजित शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी रक्तक्षय शोधून तो सुधारणे, रक्त पातळ करणारी औषधे वेळेवर थांबवणे, शस्त्रक्रियेत काटेकोरपणे रक्तस्राव रोखणे, शरीर थंड पडू न देणे आणि सांडलेले रक्त शोषून, धुऊन त्याच रुग्णाला परत देणे, हे त्यातील मुख्य दुवे होत. पण प्रत्येक उपाय नेहमीच साधतो असे नाही : पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी शिरेतून लोह दिल्याने रक्ताची गरज घटली नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

ट्रानेक्झॅमिक आम्ल हे या सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत किफायतशीर साधन. जपानमधील ओकामोटो दांपत्याने १९६० च्या दशकाच्या आरंभी पुढे आणलेले हे औषध रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. २०१० मधील २०,००० हून अधिक जखमींच्या चाचणीत त्याने मृत्यू घटले, पण इजेनंतर तीन तासांच्या आत दिले तरच. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावातही २०१७ मध्ये तसाच गुण दिसला. पचनमार्गातील रक्तस्रावात मात्र ते उपयोगी पडले नाही. वारंवार तपासण्यांसाठी काढले जाणारे रक्त ही दुर्लक्षित गळती आहे; अतिदक्षता विभागात ती दिवसाला ४० ते ७० मिलिलिटरपर्यंत जाते आणि लहान नळ्या वापरूनही बरीच कमी होते.

या पद्धतींना मोठी चालना मिळाली ती श्रद्धेपोटी रक्त नाकारणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांमुळे. अमेरिकी हृदयशल्यविशारद डेंटन कूली यांनी १९७७ मध्ये अशा रुग्णांवरील रक्ताविना केलेल्या ५४२ हृदय व रक्तवाहिनी शस्त्रक्रियांचा आढावा मांडला. रक्त न घेतलेल्या ३०० शस्त्रक्रिया-रुग्णांच्या २००२ मधील अभ्यासाने सीमाही दाखवली : ज्यांचे हीमोग्लोबिन ७ ते ८ ग्रॅमच्या दरम्यान उतरले त्यांपैकी कोणी दगावले नाही, पण ४ ते ५ ग्रॅमच्या दरम्यान गेलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मरण पावले. सज्ञान रुग्णाचा नकार मान्य करणे हे वैद्याचे कर्तव्यच आहे. मात्र कोणते रक्तघटक चालतील आणि सांडलेले स्वतःचे रक्त परत घेणे मान्य आहे का, हे आधी विचारून लेखी नोंदवावे, कारण याबाबत व्यक्तीगणिक उत्तर बदलते.

हीमोग्लोबिनपासून बनवलेली कृत्रिम रक्ते अद्याप मुख्य उपचारांत आलेली नाहीत. पेशीबाहेरचे मोकळे हीमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड गिळते, त्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात, आणि २००८ मधील एकत्रित विश्लेषणात अशा द्रावणांमुळे हृदयघात व मृत्यू वाढल्याचे दिसले. मोठ्या अपघातातील किंवा प्रसूतीतील धो-धो रक्तस्रावात आजही रक्ताला पर्याय नाही. थॅलसीमियाच्या तीव्र प्रकारात ते दर काही आठवड्यांनी आयुष्यभर द्यावे लागते आणि तेथे हिशेब उलटा होतो : प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते, त्याला बाहेर पडण्याची वाट नसते, आणि ते हृदय व यकृतात साचू नये म्हणून डेफेरासिरॉक्ससारखी लोह बांधणारी औषधे द्यावी लागतात. २०१९ मध्ये मान्यता मिळालेले लुस्पाटरसेप्ट प्रौढ रुग्णांपैकी काहींची ही गरज कमी करते.