तोंडी परीक्षेतले गुण नेमके कुणाचे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या इंग्रजीची तोंडी परीक्षा चालू आहे, असं समजा. सर विचारतात, ‘युवर फादर इज अ फार्मर?’ मुलगी म्हणते, ‘येस सर.’ ‘कॉटन?’ ‘येस सर.’ ‘गुड. हॉबी?’ मुलीला बोलता येत नाही, असं ठरतं आणि गुण कापले जातात. दुसऱ्या सरांनी तिलाच म्हटलं, ‘टेल मी, हाऊ डू यू पिक कॉटन?’ आणि ते गप्प राहिले, तर? अडखळत का होईना, वावरात जाण्यापासून ओटी भरेपर्यंतचं ती सांगू लागेल.

हा फरक मोजता येतो. संभाषण-विश्लेषणात, म्हणजे बोलण्याचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या शाखेत, परीक्षा रेकॉर्ड करून जशीच्या तशी उतरवतात. त्यात ‘हं’ येतो, एकमेकांवर चढलेले शब्द येतात, आणि थांबाही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत नोंदला जातो. ही लेखनपद्धत गेल जेफरसन यांनी घडवली. त्यांनी सॅक्स आणि शेग्लॉफ या अभ्यासकांसोबत 1974 मध्ये दाखवून दिलं, की बोलण्याची पाळी कुणाची हे बोलणारेच क्षणोक्षणी ठरवतात. अशा नोंदीत पाहिलं, की ‘येस सर’ हे अपुरं उत्तर राहत नाही. प्रश्नाने जागाच तेवढी ठेवली होती; मुलीने ती पूर्ण भरली.

थांब्याचं तर फारच महत्त्व आहे. 2009 मध्ये दहा भाषांच्या तुलनेत दिसलं, की प्रश्न आणि उत्तर यांत साधारण 0.2 सेकंदाचं अंतर असतं. त्यामुळे सेकंदभराची शांतताही आपल्याला जड वाटते आणि परीक्षक पुढचा प्रश्न टाकून मोकळे होतात. घरी वऱ्हाडी बोलणारी, इंग्रजी वाक्य मनात जुळवत असलेली पोर तेवढ्यात मागे पडते. त्यात सरांच्या बोलण्यात बोलू नये, हे वळण लहानपणापासूनचं.

भाषाशिक्षणाचे अभ्यासक लिओ व्हॅन लीअर यांनी 1989 मध्येच विचारलं होतं, की तोंडी परीक्षेतल्या अशा मुलाखतीला संभाषण म्हणावं का? विषय आणि पाळी दोन्ही परीक्षकाच्याच हातात असतात. अ‍ॅनी ब्राउन या अभ्यासकांनी 2003 मध्ये एकाच उमेदवाराच्या दोन परीक्षकांनी घेतलेल्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेतल्या मुलाखती तपासल्या. दोन्हींत त्या उमेदवाराच्या बोलण्याबद्दल वेगवेगळं मत पडलं होतं.

2001 पासून आयईएलटीएसमध्ये परीक्षकाचे बरेचसे शब्द ठरवून दिलेले असतात. मला हा अर्धाच उपाय वाटतो; ठरीव प्रश्नही घाईने विचारता येतोच. आपल्याकडच्या परीक्षकांना प्रशिक्षणात स्वतःच्याच परीक्षेचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग थांब्यांसकट लिहून काढायला लावावं. त्याला मोबाइल आणि वही पुरते.