चराऊ रानाचा प्राध्यापक कुठून आला

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ माळराने आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले आहे. चराऊ रानाची परिसंस्था आणि तिची राखण हा विषय घेऊन विद्यापीठात आयुष्य काढता येते, हे आपल्याकडच्या अनेक विद्यार्थ्यांच्या गावीही नसते. विषय मात्र शंभर वर्षे जुना आहे आणि त्याची सुरुवात चिखलातून झाली.

अमेरिकेतल्या युटा राज्यात वॉसॅच पठाराच्या पायथ्याशी मँटाय नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर पठारावर मेंढ्या इतक्या झाल्या की धुळीचे लोट पाहून कळप कुठे कुठे आहेत ते खालून सांगता येई. रान सरकारी, म्हणजे कोणाचेच नाही. माझ्या मेंढ्यांनी आज खाल्ले नाही तर उद्या दुसऱ्याच्या खातील, या हिशेबात गवत मुळासकट गेले. मग उन्हाळ्यात एखादी जोराची सर आली की दगडगोट्यांसह चिखल गावात उतरू लागला. शेवटी गावकऱ्यांनीच सरकारकडे धाव घेतली, की आमच्या डोक्यावरचे रान राखीव करा. १९०३ साली ते झाले. गावावरच्या घळीतली चराई काही वर्षे बंद राहिली आणि पुरांचा जोर ओसरला. कुठल्याही प्राध्यापकाच्या आधी घरात चिखल शिरलेल्या माणसांनी हे शास्त्र मागितले होते, याचे मला फार मोल वाटते.

शेजारच्या एफ्रम घळीत १९१२ साली प्रयोग केंद्र निघाले. त्याचे पहिले संचालक आर्थर सॅम्प्सन. नेब्रास्का विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांच्या हाताखाली शिकले आणि १९०७ पासून वनखात्यात होते. ऑरेगनमधल्या वॉलोवा डोंगरात त्यांनी पाहिले होते, की गवताला आधी बी धरू दिले आणि मग मेंढ्या सोडल्या तर त्यांच्याच खुरांखाली बी मातीत दाबले जाते. म्हणून दरवर्षी एक तुकडा उशिरा चारायचा आणि तो तुकडा आळीपाळीने बदलायचा. चराई पूर्ण बंद न करता रान सावरता येते, हे त्यांनी मोजमाप करून दाखवले.

एफ्रमला त्यांनी सुमारे दहा-दहा एकरांची दोन पाणलोट क्षेत्रे निवडली. एकावर हिरवे आच्छादन जेमतेम १६ टक्के, दुसऱ्यावर ४० टक्के. दोन्हींच्या तोंडाशी टाक्या बांधल्या आणि प्रत्येक सरीनंतर वाहून आलेले पाणी आणि गाळ मोजला. उघड्या तुकड्याची माती कितीतरी पट जास्त वाहून जात होती. आज साधी वाटणारी ही गोष्ट तेव्हा मेंढपाळ आणि अधिकारी यांच्यातल्या वादाचा विषय होती. टाकीतला गाळ दोघांनाही दिसत होता.

१९२२ साली सॅम्प्सन बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, पुढच्याच वर्षी त्यांचे पाठ्यपुस्तक आले आणि विषयाला वर्ग मिळाला. १९३४ च्या टेलर कायद्याने सरकारी रानातल्या चराईला परवाने लागू झाले, तशी शिकलेल्या माणसांची गरज वाढली. १९४८ साली या अभ्यासकांची स्वतंत्र संस्था आणि नियतकालिक सुरू झाले.

या साऱ्याचा पाया क्लेमेंट्स यांच्या एका कल्पनेवर होता: रान पायरी-पायरीने ठरलेल्या शिखराकडे, म्हणजे अखेरच्या स्थिर अवस्थेकडे, चढते, चराईने खाली घसरते आणि चराई थांबली की पुन्हा चढते. कोरड्या मुलखात ही शिडी मोडली. काही रानांत झुडपे शिरली ती मेंढ्या हलवूनही हटली नाहीत. १९८८ साली केनियातल्या तुर्काना पशुपालकांवरच्या अभ्यासाने दाखवले, की तिथे जनावरांची संख्या गवत ठरवण्याआधी दुष्काळच ठरवतो. १९८९ साली वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेयर यांनी शिडीऐवजी निरनिराळ्या स्थिती आणि त्यांच्यातली संक्रमणे असा आराखडा मांडला. माझ्या मते या विषयातले ते सर्वांत मोठे वळण आहे. कळप घेऊन पावसामागे फिरणारा माणूस तोवर आरोपी होता. या मांडणीत त्याच्या फिरण्यातले शहाणपण दिसू लागले.

भारतात १९६२ साली झाशीला गवत आणि चाऱ्याची राष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरच्या गवताळ प्रदेशांची पाच प्रकारांत केलेली वर्गवारी १९७३ साली प्रसिद्ध झाली. आपले दख्खनचे माळ त्यातल्या पवन्या-मारवेल या गवतांच्या पट्ट्यात येतात. फार चराई झाली की त्या जागी कुसळी हे गवत येते, असे त्यांनी नोंदवले. माळावरून चालून आल्यावर धोतराला, सलवारीला चिकटते तेच हे कुसळ. ओल लागली की त्याचा पीळ सुटतो आणि टोकदार बी आपणच मातीत शिरते. मेंढीच्या लोकरीतही तसेच शिरते.

पण शिडीची कल्पना इथे आणखी एका अर्थाने बाधली. शिखरावर जंगल असेल तर माळ म्हणजे बिघडलेले जंगल, असा अर्थ निघाला. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत माळरानांचा मोठा भाग गेला आणि गवतात झाडे लावण्यासाठी खड्डे खोदले गेले. माळढोक, लांडगा, काळवीट यांची घरे अशी गेलेली पाहून जीव तुटतो.

मग आपले माळ खरोखर जंगल तोडून झाले का? २०२५ साली आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी याचे उत्तर जुन्या मराठी साहित्यात शोधले. तेराव्या शतकापर्यंत मागे जाणारी चरित्रे, कथा आणि ओव्या चाळून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या ४४ रानटी वनस्पतींचे उल्लेख काढले. त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश माळरानाच्या, उघड्या उन्हात वाढणाऱ्या निघाल्या. मेंढ्यांमागे चालताना आणि जात्यावर बसून गायलेले शब्द आता या माळांच्या वयाचा पुरावा म्हणून वाचले जात आहेत.