ओल्ड हॅग

कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरच्या लोकसमजुतीनुसार झोपलेल्या माणसाच्या छातीवर येऊन बसणारी म्हातारी चेटकीण. वैद्यक या अनुभवाला निद्रा-पक्षाघात म्हणते. बेटावर वस्ती केलेले मच्छीमार मुख्यतः नैर्ऋत्य इंग्लंड व आग्नेय आयर्लंडमधून आले. हॅगच्या गोष्टी इंग्लंडमध्ये आधीपासूनच होत्या.

वर्णने बरीचशी सारखी असतात. माणूस उताणा असतो. जाग येते, खोली नेहमीसारखी दिसते, पण हातपाय हलत नाहीत. पावले वाजतात, कोणीतरी पलंगाशी येते, छाती दाबली जाते आणि ओरडू म्हटले तर आवाज फुटत नाही. कारण म्हणून कोणी उताणे निजल्याने रक्त साकळले असे सांगत, कोणी अतिश्रमाला दोष देत, तर कोणी वैऱ्यावर संशय घेत. सैतानाच्या नावाने प्रभूची प्रार्थना उलटी म्हटली की हॅग दुसऱ्यावर सोडता येते, अशी समजूत होती.

लोकसाहित्याचे अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी १९७० च्या दशकात तेथील मेमोरियल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना या अनुभवाविषयी विचारले. सुमारे २३ टक्क्यांनी होकार दिला. पुढे ही समजूत कधीच न ऐकलेल्या लोकांनीही तेच तपशील सांगितले. म्हणजे गोष्टी ऐकून अनुभव येतो हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. नाव, कारण आणि उतारा मात्र गावच शिकवते.

स्वप्नांच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू ढिले ठेवतो. जाग आली तरी ही पकड काही सेकंद ते एक-दोन मिनिटे टिकते आणि स्वप्नातली दृश्ये खोलीत उतरतात. श्वासपटल चालू असते, पण बरगड्यांचे स्नायू सैल असल्याने मनात आणूनही खोल श्वास घेता येत नाही. छातीवरचे ओझे ते हेच. अपुऱ्या झोपेने व वेळा बदलल्याने प्रसंग वाढतात.

घरच्यांनी त्या माणसाचे नाव उलटे उच्चारायचे, हा प्रसिद्ध उतारा. तो लागू पडत असावा, कारण हाकेने किंवा स्पर्शाने पूर्ण जाग येते. नाव सुलटे घेतले तरी चालले असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या एका नोंदीत याहून उग्र उपाय आहे: छपराच्या लाकडी फळीत खिळे ठोकून ती झोपताना छातीवर बांधायची, म्हणजे हॅग बसणार नाही. पण अशी फळी बांधलेल्याला कुशीवर वळणे अवघड, आणि उताणे निजणे हेच तर या त्रासाचे मोठे निमित्त.